किराळ आणि 'बी-१७'



पावसाने ओढ दिली, की करपलेल्या कोवळ्या ज्वारीत तुम्ही जनावर सोडत नाही. कापणीनंतर धसकटाला आलेल्या फुटव्यातही सोडत नाही. 'किराळ लागेल' हे घरातले पोरही सांगते. त्या पाल्यात धुरीन नावाचे द्रव्य असते. जनावराच्या पोटात ते फुटले, की सायनाइडचे विष सुटते. जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो आणि डॉक्टर येईपर्यंत ते आडवे झालेले असते.

हे सांगण्याचे कारण असे, की अशाच प्रकारचे विष पोटात सोडणारे द्रव्य अमेरिकेत माणसांना कॅन्सरवरचा उपाय म्हणून विकले गेले, आणि तेही जीवनसत्त्वाच्या नावाने!

जर्दाळूच्या बीतील गरात आणि कडू बदामात अमिग्डॅलिन असते. त्याच्याच जवळचे 'लेट्राइल' कॅन्सरवर खपवले गेले. कॅन्सर म्हणजे एका जीवनसत्त्वाची उणीव, असा दावा अर्न्स्ट क्रेब्ज (धाकटे) यांनी केला आणि त्याला 'बी-१७' हे नाव मिळाले. नावातच मेख होती. औषध म्हटले, की गुण सिद्ध करून दाखवावा लागतो. पूरक आहार म्हटले, की तेवढी चौकशी होत नाही.

पण जीवनसत्त्व कशाला म्हणायचे? 'क' मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येते, 'ब-१' मिळाले नाही तर बेरीबेरी होतो. 'बी-१७' न मिळाल्याने होणारा एकही रोग कोणाला दाखवता आलेला नाही.

तरी १९७० च्या दशकात लोकांचा रेटा एवढा वाढला, की तिकडच्या वीसहून अधिक राज्यांनी त्याला मोकळीक दिली. प्रसिद्ध नट स्टीव्ह मॅक्वीन १९८० मध्ये मेक्सिकोत जाऊन इतर उपचारांबरोबर हेही घेत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले. अखेर १७८ रोग्यांवर रीतसर चाचणी झाली. १९८२ मध्ये निष्कर्ष छापून आले: कोणी बरे झाले नाही, कोणाचे आयुष्य वाढले नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचले होते.

हे घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. शस्त्रक्रियेचे नाव काढताच छातीत धडकी भरते. त्यापुढे झाडाची बी गरीब वाटते. पण झाडाला लागते म्हणून निर्धोक, असे शेतकऱ्याने तरी म्हणू नये. धोतरा आपल्याच बांधावर उगवतो.

जर्दाळूच्या बिया 'बी-१७' म्हणून आजही विकल्या जातात. अशी कोणतीही पुडी दारी आली, तर विकणाऱ्याला विचारा: कोणत्या रोग्यांवर तपासले? किती जणांवर? निकाल कोठे छापला? नवे बियाणेसुद्धा तुम्ही आधी गुंठाभर पेरून पाहता. मग घरच्या माणसाच्या जिवावर पारख न करता पैज का लावावी?

आणि एक लक्षात ठेवा. अशा पुडीत पैसा जातो तो जातोच, पण त्याहून मोलाचे दिवस जातात. छातीत गाठ लागली, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर आधी सरकारी दवाखाना गाठा. लवकर सापडलेला कॅन्सर पुष्कळदा बरा होतो. बाईमाणूस लाजून बोलत नाही. तेव्हा घरच्यांनीच विचारावे.