कडेची माणसं

भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलेलं, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा, आणि अण्णा स्टुडिओच्या दारात चहाचा कप घेऊन उभे. सोलापूरहून आणलेली जुनी लेन्स मी तपासत होतो. चोवीस ते सत्तर मिलिमीटरची झूम, टू पॉइंट एट. मधला भाग बघून झाला, डावी कड बघून झाली, आणि उजव्या कडेशी मी अडकलो. स्क्रीनवर मोठं करायचं, बघायचं, पुन्हा फोटो काढायचा. अण्णांना राहवेना.

"सर, काय बघालाव एवढं? मधलं बघा की. नवरा-नवरी मधीच असतेत. कडेची माणसं कोण बघतंय?"

अण्णांनी मुरुममध्ये आणि आसपासच्या खेड्यांत सगळं आयुष्य लग्नं काढण्यात घालवलंय. त्यांच्या बोलण्यात चूक अशी काहीच नव्हती. तरी ते वाक्य कुसळासारखं रुतलं आणि अजून निघालेलं नाही.

टू पॉइंट एट कशाला लागते हे मांडवात उभं राहिल्यावर कळतं. सत्तरवर ही लेन्स पूर्ण उघडी ठेवून समोरून बघितली, तर आतलं भोक पंचवीस मिलिमीटरचं दिसतं. म्हणजे साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढं. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या लेन्सला टोकाला ५.६ वर थांबावं लागतं. सत्तरलाच ५.६ म्हटलं तर भोक साडेबारा मिलिमीटरचं, सदऱ्याच्या गुंडीएवढं. रुंदी निम्मी झाली की उजेड चौथाई होतो. गोरज मुहूर्ताला, अक्षता पडताना, जिथं या लेन्सवर सेकंदाचा साठावा भाग पुरतो, तिथं त्या लेन्सला पंधरावा भाग लागतो. पंधराव्या भागात नवरीची पापणी हलते, भटजींचा किंवा जंगमांचा हात हलतो, आणि अक्षतांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा उरतात.

फ्लॅश आहेच, पण मला तो आवडत नाही. फ्लॅशनं कपाळं चकाकतात आणि मागचा मांडव डांबरासारखा काळा पडतो. खरं तर त्या मांडवात किती रंग असतात! गुलाबी-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड, हुग्गीच्या पातेल्यावरची वाफ, दूर उसाच्या ट्रॅक्टरचा दिवा. हे सगळं फोटोत यायचं तर उजेड आहे तसा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ते दोन रुपयांचं नाणं लागतं.

तपासायला वर्तमानपत्र घ्यायचं, ही युक्ती जुनी. परीक्षेचे छापील तक्ते मिळतात, त्यांवर काळ्या-पांढऱ्या रेघांचे पंखे असतात. मला आपलं मराठी पान बरं वाटतं. देवनागरीत शिरोरेषा आडवी आणि काना उभा. लेन्सचा एक बारीक दोष पकडायला यापेक्षा चांगला तक्ता नाही. चित्राच्या कडेला उजेड तिरपा येतो, आणि आडव्या रेघा एका ठिकाणी टिपल्या जातात तर उभ्या दुसऱ्या. माझ्या लेन्सच्या उजव्या कडेला तेच दिसत होतं. ओळीची शिरोरेषा ब्लेडनं कापल्यासारखी धारदार आणि तिला लटकलेले काने फुगलेले, ओल्या कागदावर शाई उतरावी तसे. मथळ्याच्या जाड अक्षरांना एका अंगानं जांभळी किनार आणि दुसऱ्या अंगानं हिरवी. डाव्या कडेला यातलं जवळजवळ काही नाही. दोन्ही कडा सारख्याच मऊ असत्या तर ती लेन्सच्या घडणीची मर्यादा म्हटली असती. एकच कड मऊ म्हणजे आतलं एखादं भिंग केसभर तिरपं बसलंय. असल्या लेन्समध्ये पंधरा-अठरा भिंगं असतात, त्यांचे गट झूम करताना पुढे-मागे सरकतात. वजन ८०० ते ९५० ग्रॅम. कधीतरी कुणाच्या तरी हातून पडली असेल.

फोटोच्या झूम लेन्सच्या जन्मापासूनच उजेडाचा हट्ट आहे. सुट्या फोटोंच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ साली आली, व्हॉइग्टलेंडरची झूमार. रचना फ्रँक बॅक यांची. ती ३६ ते ८२ मिलिमीटर होती आणि सगळीकडे २.८. पहिल्याच झेपेला त्यांनी उजेडाशी तडजोड केली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लेन्स तपासत होतो त्या दिवशी मी भिंतीवरच्या पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काय छापलंय ते नीट बघितलं. भावपूर्ण श्रद्धांजलीची चौकट. आत एका बाईंचा फोटो, इतका अस्पष्ट की लेन्सचा दोष कुठला आणि छपाईचा कुठला ते सांगता येईना. चेहऱ्याच्या कडेला कुणाचा तरी खांदा राहून गेलेला. कुठल्या तरी ग्रुप फोटोतून कापून काढलेला.

आमच्या थोरल्या आत्याचाही तसाच आहे. आम्ही तिला आत्ती म्हणायचो. तिला किल्लारीकडच्या, तेरणेच्या अंगाच्या एका गावात दिलेलं. मुरुमला यायची ती लग्नाकार्यालाच, आणि आली की थेट चुलीपाशी. धाकट्या काकांच्या लग्नात, १९८८ साली, जेवणावळी उरकल्यावर अंगणात ग्रुप फोटो निघाला. दोन डोळ्यांचा चौकोनी कॅमेरा, वरून खाली बघत फोटो काढायचा तो. रोलमध्ये बारा फोटो, म्हणून प्रत्येक फोटो तोलून-मापून. फोटोग्राफरनं खुर्च्या मांडल्या, मोठ्यांना बसवलं, बाकीच्यांना मागे उभं केलं, पोरं पुढे सतरंजीवर. सगळं जुळल्यावर कुणीतरी म्हणालं, आत्ती कुठाय? ती हुग्गीचं पातेलं खरवडत होती. हात धुऊन, पदरात पुसत पुसत आली आणि उजव्या टोकाला, जिथं जागा होती तिथं उभी राहिली. फोटोग्राफर "आत या, आत या" म्हणाला. ती अर्धं पाऊल सरकली. तेवढ्यात त्यानं बटण दाबलं.

अनंत चतुर्दशीची रात्र उलटून ३० सप्टेंबर १९९३ची पहाट होत होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी आमच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली. आम्ही सगळे अंगणात, अंगावर पांघरुणं तशीच. आमचं घर उभं राहिलं. ६.२ रिश्टरचा तो धक्का किल्लारी-सास्तूरच्या बाजूला काय करून गेला, हे उजाडल्यावर कळत गेलं. तिकडची घरं जाड दगडी भिंतींची, माती भरून रचलेली, वर माळवदाचा भार. शेकडो वर्षं ज्यांनी ऊन-पाऊस अडवला त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो माणसं गेली. आत्ती गेली. तिच्या घरात फोटो असतील-नसतील, ते भिंतीबरोबरच गेले.

दिवस झाले, आणि वडिलांना, म्हणजे अप्पांना, तिचा फोटो लावायचा होता. घरभर शोधलं. लग्नाचा तो एक फोटो निघाला. निगेटिव्ह कुणाकडे नव्हती. त्या छापात तिचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. अप्पा तो फोटो वहीत घालून सोलापूरला घेऊन गेले. तिथल्या कलाकारानं फोटोचा फोटो काढला, मोठा केला, आणि मोठा केल्यावर डोळ्यांच्या जागी नुसत्या राखाडी सावल्या उरल्या. कडेला असल्यामुळे चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा झालेला. मग त्यानं ब्रशनं डोळे काढले, भुवया काढल्या, कुंकू ठळक केलं. काम मन लावून केलं होतं त्यानं, खोटं कशाला बोला. चौकट घरी आली, वर्तमानपत्र सोडलं, आम्ही सगळे भोवती. आजीनं बराच वेळ बघितलं. मग अप्पा म्हणाले, "लुगडं तिचंच आहे."

इरकल होतं. त्याच्या बारीक चौकड्या कडेपर्यंत जेमतेम दिसत होत्या, आणि त्या मात्र कुणी रंगवल्या नव्हत्या.

ही चौकट अजून आमच्या बैठकीत आहे. मी लेन्स तपासतो तेव्हा उजव्या कडेला एवढा का अडकतो, ते मी अण्णांना सांगितलं नाही.

फोटोत कडेला कोण असतं, ते मी आता बघत असतो. खुर्च्यांवर मधोमध नवरा-नवरी, त्यांच्या लगत आई-वडील, मग मामा, मग सोयरे, मग गावातले पुढारी. टोकाला उभ्या असतात विधवा काकू, आश्रित म्हणून राहिलेला चुलतभाऊ, आचारी, भांडी घासून आलेली बाई. ज्यांनी कधी स्वतःहून फोटो काढून घेतला नाही, त्यांचा असलेला एकुलता एक फोटो बहुधा ग्रुपच्या कडेला असतो. आणि तो मोठा करायची वेळ त्यांच्याच वाट्याला येते.

जुने फोटोग्राफर टोकाच्या माणसांना अर्धं पाऊल पुढे घ्यायचे, ओळीला किंचित कमान द्यायचे. ज्या भिंगांची नजर वाटीसारखी आत वळलेली असते, त्यांना तेच हवं असतं. हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, फोटो धुऊन धुऊन कळलं होतं. मुरुम १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होतं, त्याच राज्यात फोटोग्राफर राजा दीनदयाळ मोठमोठ्या काचेच्या प्लेटांवर दरबार आणि शिकारीचे तळ टिपत होते. प्लेट जेवढी तेवढाच छाप, त्यामुळे माणूस तुरीचा दाणा होत नसे.

लेन्सचं म्हणाल तर मी ती ठेवली. तिचे गुण खरे आहेत. पन्नासच्या आसपास, मधल्या भागात, २.८ वरसुद्धा ती पापणीचे केस मोजून देते. अंधारात पटकन पकडते. समोर हॅलोजन आला तरी चित्र धुरकटत नाही. भोक ८ पर्यंत लहान केलं की उजवी कडही बरीच सावरते, आणि ग्रुप फोटोला तसंही लहान करावंच लागतं. सत्तरवर, तीन मीटरवरच्या माणसाला, २.८ मध्ये जेमतेम फूटभर खोली मिळते, तीन ओळी त्यात कुठून मावणार. ग्रुप मी चोवीसवर काढत नाही. चोवीसवर टोकाची माणसं आडवी फुगतात. पस्तीस लावायचं आणि चार पावलं मागे जायचं. मागे जागा नसली तर खुर्च्या पुढे घ्या म्हणायचं, लोक ऐकतात. आणि म्हाताऱ्या बायका उजव्या टोकाला दिसल्या की त्यांना हाताला धरून डावीकडे आणायचं.

मागच्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या लग्नात, अशीच एक आजी. हिरवट इरकल, काठाला लाल. ग्रुप झाल्यावर मला वाटलं, हिचा एकटीचा एक घ्यावा. मांडवाच्या कडेला, कनातीच्या फटीतून येणाऱ्या उन्हात तिला उभं केलं. सत्तर, २.८. फोकस डाव्या डोळ्यावर. लुगड्याची एकेक चौकडी सुटी दिसत होती.

"एकटीचा कशाला रे?" ती म्हणाली. तिला माहीत होतं. आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत असतं, एकट्याचा फोटो कशासाठी काढून ठेवतात ते. ती रागावली नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं, पळत चाललेल्या एका पोरीचा दंड धरला आणि तिला आपल्यापुढे उभं केलं. दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले, मान ताठ केली.

"आता काढ."

पोरगी काही केल्या स्थिर उभी राहीना. तिच्या मुठीत बत्तासा होता आणि तो घामानं विरघळायला लागला होता.