दर्प जावा, जर्सी राहावी

ह्यांच्या कबड्डी संघाची सुती जर्सी मी पेटीत जपली. तिच्यासोबत सिगारेटचा दर्पही जपला गेला. नातू ती मागू लागला तेव्हा प्रश्न श्वासाचा झाला, कारण त्याला दमा आहे. धुरातील निकोटिन व चिकट डांबर धाग्यांत दीर्घकाळ टिकतात. अत्तर किंवा धूप तो वास केवळ झाकतात. दमेकऱ्याला त्यांचाही त्रासच होतो.

जर्सी आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर पसरली. कडक उन्हाने जुना रंग विटतो. आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून रंग लागत नाही, याची खात्री केली. नातू शाळेत असताना, खिडक्या उघडून, बादलीभर थंड पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून ती अर्धा तास भिजवली. सौम्य साबणाने, न चोळता धुतली. न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपले आणि आडवी वाळवली. दोन खेपांनंतर दर्प ओसरला. शिवलेला आकडा शाबूत राहिला.

काहींना तो दर्पच माणसाची अखेरची खूण वाटतो. मलाही वाटे. परंतु ह्यांचे खेळणे त्या आकड्यात आहे, धुरात नव्हे.