जुनं बेअरिंग वाचणारे मिस्त्री

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी मेंटेनन्सला लागलो, तेव्हा बेअरिंगच्या आयुष्याचं सूत्र मला तोंडपाठ होतं. पण बेअरिंगचं आयुष्य ते शाफ्टवर चढतानाच निम्मं ठरून गेलेलं असतं, हे शिकवलं आमच्या मिस्त्रींनी. ते आता नाहीत. त्यांचं ऋण लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

गळीत हंगाम ऐन भरात होता आणि एका पंपाच्या मोटरचं ६३१० नंबरचं बेअरिंग सारखं जात होतं. कुणी ग्रीसला बोल लावला, कुणी माल डुप्लिकेट ठरवला. मिस्त्रींनी पुलर लावून बेअरिंग काढलं, आउटर रेस कापून डिझेलनं धुतली आणि उजेडात माझ्यासमोर धरली. ‘‘सायेब, ही वाट बगा. पार गोल फिरलीया.’’

रोटरचं वजन खाली, आउटर रेस जागची हलत नाही. म्हणजे बॉलची चकचकीत वाट तिच्या खालच्या भागातच उमटायला हवी. इथं ती पूर्ण वर्तुळभर होती. बॉल चहूबाजूंनी दाबले जात होते. आत मोकळीक उरलीच नव्हती.

मग त्यांनी शाफ्टला मायक्रोमीटर लावला: ५०.०४ मिलिमीटर. बाहेरच्या एका वर्कशॉपातून शाफ्टवर वेल्ड भरून टर्निंग करून आणलं होतं, तिथं माप जास्त राहिलं होतं. बेअरिंगचं बोअर ५० किंवा त्याहून १२ मायक्रॉनपर्यंत कमी असतं. म्हणजे ४० ते ५२ मायक्रॉनची पकड. इनर रेस तेवढी ताणली गेली की पकडीच्या साधारण ८० टक्के मोकळीक खाल्ली जाते. सी३ बेअरिंगात ती मुळातच १८ ते ३६ मायक्रॉन. मोटर तापल्यावर राहणार काय? शाफ्ट ग्राइंड करून ५०.०१ वर आणला आणि त्या मोटरनं हंगाम काढला.

सैल फिटवर तर त्यांचा फारच राग. शाफ्ट झिजला की सेंटर पंचनं टिकल्या मारून बेअरिंग ठोकून बसवायची रीत कितीतरी ठिकाणी आहे. त्या टिकल्यांची टोकं भाराखाली दबतात आणि इनर रेस सैल बांगडीसारखी शाफ्टवर सरकू लागते. मी एकदा हिशेब मांडला. ३० मायक्रॉन सैल असेल, तर दोन्ही परिघांत सुमारे ९४ मायक्रॉनचा फरक. दर फेऱ्याला रेस तेवढी मागं पडते. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर मिनिटाला १३ सेंटिमीटरहून जास्त. शाफ्टवर दिसणारी तांबूस भुकटी ही त्याचीच. हा हिशेब मिस्त्रींना दाखवला, तेव्हा त्यांनी ती भुकटी बोटावर घेऊन मला नुसती दाखवली. त्यांना आकड्यांची गरज नव्हती, मला होती. ते मात्र त्यांनी कधी कमीपणाचं मानलं नाही.

बेअरिंग बसवताना हातोडा ते जवळ येऊ देत नसत. शाफ्टवर बसवायचं तर जोर इनर रेसवरच. आउटरवर ठोकलं की तो बॉलमधून जातो आणि ट्रॅकवर बॉलच्या अंतरानं खड्डे उठतात. ते ऑइल बाथ वापरायचे, थर्मामीटर लावून, १२० अंशांच्या आत. शाफ्टपेक्षा ८० अंश जास्त गरम केलं की ५० मिलिमीटरचं बोअर ४८ मायक्रॉन फुलतं आणि बेअरिंग हातानं सरकत जागेवर बसतं. हंगामात वरून कितीही घाई झाली तरी त्यांनी यात सूट दिली नाही. त्या वयात मला हे धैर्य त्यांच्याकडेच बघायला मिळालं.

मेंटेनन्सला नव्यानं लागलेल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: निघालेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून दोन्ही रेस बघा, आणि नव्याचा खोका उघडण्याआधी शाफ्ट तीन ठिकाणी मोजा.