उमेदवारी

उमेदवार म्हटले की हल्ली डोळ्यांपुढे निवडणुकीचा फलक उभा राहतो. हात जोडलेला फोटो, खाली चिन्ह आणि त्याच्याही खाली शुभेच्छुकांची रांग! पण माझ्या लहानपणी हा शब्द फार साध्या माणसाला लावीत. शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करणारा पोरगा उमेदवार. छापखान्यात खिळे जुळवायला शिकणारा उमेदवार. त्याला पगार नसे, असलाच तर चहापाण्यापुरता. मालकाने झाडू दिला तर झाडू धरायचा, कात्री दिली तर कात्री धरायची. कात्री कधी मिळेल हे कुणी सांगत नसे. तरी पोरगा रोज सकाळी फळ्या निघायच्या आत दाराशी हजर! अर्जाने न मिळणारे काम हजेरीने मिळवायचे, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ. फारसीतून आलेल्या या शब्दात ‘उमेद’ उगीच बसलेली नाही.

आमचा खानापूर-आटपाडीकडचा मुलूख तर उमेदवारीवरच जगला. इकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो. आला तर आला, नाहीतर निरोपही नाही. म्हणून इथली माणसे गलाईच्या धंद्यासाठी साऱ्या हिंदुस्थानभर पांगली. परमुलखातल्या सराफकट्ट्याजवळ एक अंधारी खोली, एक भट्टी आणि जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे कसब. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा कुणा चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानी जाऊन पडायचा. भाषा कळत नाही, भात गळ्याखाली उतरत नाही. पण तीन वर्षे भट्टीपुढे काढली की हातात विद्या यायची.

हे सारे मला पुन्हा आठवले ते विमानामुळे. तुम्ही म्हणाल, मास्तर, भट्टी कुठे आणि विमान कुठे! पण थोडे थांबा.

माझा एक विद्यार्थी वैमानिक झाला. मी दहावी पास माणूस, चित्रकलेचा मास्तर. त्याच्या विद्येत माझा वाटा म्हणाल तर फारच थोडा. बाकीची मुले विमान काढायची तेव्हा आधी ढग काढायची. हा आधी चाके काढायचा. पुढे वडिलांनी डाळिंबाची दोन एकर बाग विकली आणि पोराला उड्डाणशाळेत घातले. दोनशे तासांचे उड्डाण झाले, परीक्षा झाल्या, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती आला. गावाने पेढे खाल्ले.

आणि मग काहीच झाले नाही.

दोनशे तास ही मोठी विचित्र कमाई आहे. परवान्याला ती पुरते, नोकरीला पुरत नाही. मोठ्या कंपनीचे विमान चालवायचे तर त्या जातीच्या विमानाचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते. त्याला पुन्हा लाखांनी रुपये लागतात, आणि ते घेऊनही जागा मिळेलच असे नाही. त्यात आपल्याकडे विमान कंपन्याही बसतात. २०१२ साली किंगफिशरची विमाने जमिनीवर आली, एप्रिल २०१९ मध्ये जेटची, मे २०२३ मध्ये गो फर्स्टची. कंपनी बंद पडली की हजारो तासांचे अनुभवी वैमानिक रांगेत येऊन उभे राहतात. त्यांच्या मागे दोनशे तासांच्या पोराने कुठे उभे राहायचे? आमचा वैमानिक पुण्यात एका कचेरीत रात्रपाळीला फोन घेत बसू लागला. दोन वर्षे गेली.

मग एका रविवारी तो माझ्याकडे आला नि म्हणाला, “सर, मी आफ्रिकेत जायचं म्हणतोय. माऊनला.”

मला आधी ‘मौन’च ऐकू आले. तो हसला. “मौन नाही सर, मा-ऊन. ऊनही भरपूर आहे तिथं.”

दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर बोत्स्वाना नावाचा देश आहे. १९६६ साली तो स्वतंत्र झाला; त्याआधी इंग्रज त्याला बेचुआनालँड म्हणत. बराचसा मुलूख कालाहारीच्या वाळूचा. त्या वाळूत वायव्येकडून ओकावांगो नदी येते आणि समुद्राला न मिळता तिथेच पसरून नाहीशी होते. गंमत अशी की पाऊस पडतो शेकडो मैलांवर, अंगोलाच्या डोंगरांत, आपल्या हिवाळ्याच्या दिवसांत. ते पाणी सपाटीवरून सावकाश सरकत जून-जुलैच्या सुमारास माऊनपाशी पोचते. म्हणजे आभाळ कोरडे ठणठणीत असताना तिथे पूर येतो! पाण्यामागून हत्ती आणि रानम्हशी येतात, त्यांच्यामागून सिंह, आणि सिंहामागून पर्यटक. २०१४ साली युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्या यादीतले ते हजारावे स्थळ.

पर्यटकांचे तळ आत, पाण्याच्या वेढ्यात. रस्ते बहुतेक ठिकाणी नाहीत. असले तर अर्धे वाळूत, अर्धे पाण्यात. म्हणून माऊनच्या विमानतळावरून लहान विमाने सुटतात. आमच्याकडे तिठ्यावरून वडापच्या जीपा सुटतात ना, अगदी तशीच. वीस मिनिटांवर दोघांना उतरवायचे, तिथून तिघांना उचलायचे, पुढच्या पट्टीवर भाजीची खोकी टाकायची. नवख्याच्या वाट्याला बहुधा सेसना २०६ येते : एक इंजिन, वैमानिक धरून सहा आसने. कुठे आठ आसनी एअरव्हॅन असते. ती ऑस्ट्रेलियात बनलेली, आणि ती बनवणारा कारखाना २००९ पासून काही वर्षे आपल्या महिंद्रांच्या मालकीचा होता. तास साठले की मग मोठी कॅराव्हॅन, आणि तिथून पुढे विमान कंपन्यांची दारे किलकिली होतात.

“मग अर्ज कर की,” मी म्हणालो.

“अर्जावर काम देत नाहीत सर. अर्ज जगभरातून येतात. मोसमाच्या आधी तिथं जाऊन राहावं लागतं. रोज दिसावं लागतं.”

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. वैमानिक म्हटला की मला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाची पोती घेऊन कराचीहून मुंबईला एकटे येणारे जे. आर. डी. टाटा दिसतात, केनियाच्या रानांवरून हिंडणारी बेरिल मार्कहॅम दिसते. पण हा पोरगा साहसाबद्दल अवाक्षर बोलत नव्हता. ‘जाऊन राहावं लागतं’ हे त्याचे शब्द ऐकले आणि मला शिंप्याच्या दुकानाची फळी आठवली.

घरी बैठक बसली. वडिलांनी मला मुद्दाम बोलावले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, तिथं नोकरी पक्की हाय का?”

“नाही,” मी म्हणालो. “परवाना त्यांच्या खात्याकडून मान्य करून घ्यावा लागेल. कामाची परवानगी सरकार देईल तेव्हा. त्यांच्या देशातला पोरगा मिळत असेल तर आधी त्याला; आणि ते रास्तच आहे.”

म्हातारा बराच वेळ गप्प बसला. घरात शिल्लक अशी नव्हतीच. होते ते थोरल्या बहिणीचे. ती एस.टी.त कंडक्टर आहे. घरासाठी म्हणून तिने सहा वर्षे पैसे साठवले होते. तिने पासबुक आणून मधे ठेवले आणि तिकिटाचे पैसे मोजावेत तशा आवाजात म्हणाली, “आबा, तीन महिने. त्याच्यावर एक दिवस नाही.”

वडील पोराकडे वळून म्हणाले, “मी कोइमतूरला गेलो तवा मला तरी कुनी पक्कं सांगितलं हुतं? चुलत्यानं सा महिनं भट्टीला हात लावू दिला न्हाई. पन जेवाय घातलं बग. तुला तिथं कोन घालनार?”

त्या एका प्रश्नात मला दोन काळांतला सारा फरक दिसला. जुना मालक पगार देत नसे, पण उमेदवाराच्या ताटाची जबाबदारी त्याची असे. आता ताट घरून पाठवावे लागते. उमेद पोराची आणि वार घरच्यांचे!

जानेवारीच्या अखेरीस तो गेला. थमलकाने नदीच्या काठी एका तळावर तंबू भाड्याने घेतला; शेजारच्या तंबूत नागपूरकडचा एक मुलगा. दोघे सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कचेऱ्यांच्या दारांशी जात. मुख्य वैमानिक भेटला तर नमस्कार. न भेटला तर उद्या पुन्हा. महिनाभराने एकाने फक्त नाव विचारले. तेवढ्यावर त्याने मला फोन केला!

“सर, तास सगळ्यांचे सारखेच असतात,” तो एकदा म्हणाला. “माणूस कसा आहे तेच त्यांना बघायचं असतं. रानातल्या पट्टीवर आपण एकटेच. सामान आपणच चढवायचं, पाहुण्यांशी आपणच बोलायचं. उतरण्याआधी खाली घिरटी घालून पट्टीवरची हरणं हुसकायची. हत्ती असला तर तो जाईपर्यंत वर थांबायचं.”

आणि वजन! माणशी वीस किलोच्या आसपास सामान, तेही मऊ पिशवीत. माऊन समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर. ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो आणि धावपट्टी जास्त खावी लागते. कुणी लाडीगोडीने एक जड पिशवी पुढे केली, तर नम्रपणे ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. भिडस्त माणसाचे तिथे काम नाही. जो हातातोंडाशी आलेल्या नोकरीसाठी तीन महिने दारात उभा आहे, त्याच्याकडून पहिल्या दिवसापासून ‘नाही’ म्हणण्याची अपेक्षा! मला तर या धंद्यातली हीच सर्वांत अवघड विद्या वाटते.

नवव्या आठवड्यात नागपूरकडच्या मुलाचे पैसे संपले. तो परत गेला. दहाव्या आठवड्यात एका कंपनीतला एक वैमानिक मोठी नोकरी मिळून निघून गेला, आणि जागा झाली. दारात जो उभा होता त्याला आत बोलावले. त्याची उड्डाणाची चाचणी झाली आणि जागा आमच्या पोराला मिळाली.

वाचकहो, इथे टाळ्या वाजवाव्यात असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण फोनवर तो पहिल्यांदा आपल्या सोबत्याबद्दलच बोलला. “तो माझ्यापेक्षा चांगला उडवतो, सर. त्याच्याकडं फक्त एक आठवडा कमी होता.” चिकाटीची फळे गोड असतात असे आम्ही मास्तर फळ्यावर लिहितो. चिकाटीला रोजचा खर्च असतो, हे तिथे लिहायचे राहून जाते. त्या एका आठवड्याचे नाव नशीब नव्हे. ते कंडक्टरच्या पासबुकातले सात दिवस होते.

कामाची परवानगी यायला पुढे कितीतरी महिने लागले. तोवर तो गावी येऊन राहिला, बापाबरोबर दुसऱ्याच्या रानात डाळिंबाची छाटणी केली. श्रावणात कागद आला. तिकडे पुन्हा परीक्षा, मग एकेका पट्टीची ओळख, शेजारी जुना वैमानिक बसवून. आता तो एकटा उडतो. दिवाळीत येणार नाही. त्यांचा मोसम आहे.

परवा पहिल्या पगारातले पैसे बहिणीच्या खात्यात आले. तिने आबांना हिशेब वाचून दाखवला : इतके पुला, त्याचे इतके रुपये.

“पुला म्हंजे?” आबांनी विचारले.

मी सांगितले की तिथल्या भाषेत पुला म्हणजे पाऊस. त्यांचे नाणेच पावसाच्या नावाचे आहे.

आबांनी कोरड्या आभाळाकडे पाहिले. मग समाधानाने मान हलवून म्हणाले, “पैशाला पाऊस म्हनत्यात? मग ती मानसं आपल्यातलीच की!”