आखणी कुणाची, कापणी कुणाची?

गेल्या महिन्यात अमरावतीतल्या आमच्या बैठकीत एका कार्यकर्त्या मित्राने मला सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि विहारात पोरांना पाईप कापायला शिकवता? बाबासाहेबांनी हे सगळं हातातून सोडायला सांगितलं, तुम्ही पुन्हा हातोडाच देता?"

प्रश्न रास्त आहे. पाच वर्षांपूर्वी तो मीच विचारला असता. म्हणून उत्तर सविस्तर देते.

आधी चूक दुरुस्त करते. विहारात रविवारी वंदनेनंतर जो वर्ग भरतो, तिथे पाईप कापायला शिकवत नाहीत. कापायला आमच्या पोरांना येतंच. शिकवतात ती आखणी, साइटवरच्या भाषेत मार्किंग. आणि शिकवते ती मी नाही. अकोल्याचे एक म्हातारे मुस्लिम मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते शिकवतात. मी खडू आणि जुने पेपर आणून देते.

माझे बाबा बावीस वर्षं पाईपलाइनच्या ठेकेदारांकडे हेल्पर होते. आमच्या भागात हे काम कधी संपत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाण्यात खारपाणपट्टा पसरलेला. विहीर खणली तर खारट पाणी. म्हणून वान, काटेपूर्णा, शहानूर अशा धरणांतून दूरवर नळ न्यावे लागतात. गावातल्या लाइनी आता प्लॅस्टिकच्या असतात, पण पंपघरं, टाक्या, कारखाने, बॉयलर इथे लोखंडी पाईप आणि वेल्डिंग आहेच. बाबा उचलायचे, घासायचे, गॅस कटरने कापायचे. रेषा मात्र फिटर मारायचा. बावीस वर्षं बाबांनी दुसऱ्याच्या रेषेवर कापलं.

ही रेषा काय चीज आहे ते सांगते, कारण वादाचं मूळ तिच्यातच आहे.

मोठ्या पाईपाला हेडर म्हणतात. त्यावर काटकोनात छोटा पाईप बसवायचा, ती ब्रँच. छोट्या पाईपाचं तोंड सरळ कापून गोल हेडरवर ठेवलं तर तो दोनच ठिकाणी टेकेल, बाकी फट. म्हणून त्याचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. किती खोल, कुठे, हे डोळ्यांनी ठरत नाही.

चाचा उदाहरण घेतात ८ इंची हेडरचं आणि ४ इंची ब्रँचचं. ८ इंची पाईपाचा बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, ४ इंचीचा ११४.३ आणि जाडी ६. पेपरची पट्टी ब्रँचभोवती गुंडाळायची, जिथे टोकं भेटतात तिथे फाडायची. ती पट्टी साधारण ३५९ मिमी भरते. मग चार वेळा घडी घातली की १६ समान भाग. मोजपट्टी लागत नाही, ही घडी आमच्या पोरांना फार आवडते. आता जमिनीवर खडूने हेडरचं वर्तुळ आणि ब्रँचचं वर्तुळ खऱ्या मापात काढायचं, ब्रँचच्या वर्तुळाचे १६ भाग करायचे, प्रत्येक बिंदूतून रेष हेडरच्या वर्तुळाला भिडवायची आणि तिथला उतार मोजून पट्टीवर उतरवायचा. हेडरच्या लांबीच्या बाजूला उतार शून्य. तिथून पुढे १.८, मग ६.१, मग १०.७, आणि बगलेत १२.७ मिमी. बिंदू जोडले की लाट तयार. हे टेम्प्लेट पाईपाला गुंडाळा, खडू फिरवा, पंच मारा. कापलेला तुकडा गुण्या लावून हेडरवर उभा करा आणि त्याच्या आतून खडू फिरवा, भोकाची रेषही मिळाली.

यात एक गोम आहे. ब्रँच हेडरच्या वर बसणार असेल तर उतार तिच्या आतल्या व्यासावरून काढायचा. बाहेरच्या व्यासावरून काढला तर बगलेतली जीभ १२.७ ऐवजी १६.१ मिमी होते. मग जिभेची आतली कड आधी टेकते, तुकडा वर उचलला जातो आणि पुढे-मागे साडेतीन मिमीची जादा फट पडते. वेल्डिंगचा रस मुळापर्यंत उतरावा म्हणून दोन-तीन मिमी फट मुद्दाम सोडतातच. ती आणि ही मिळून सहा. एवढी फट नीट भरत नाही. घाईत कुणी तिच्यात सळईचा तुकडा टाकतो आणि वरून वेल्डिंग फिरवतो. वरून सुंदर दिसतं.

बाबांच्या एका कामावर नेमकं हेच झालं. मी तेव्हा दहावीत होते. पाण्याचा दाब देऊन लाइन तपासताना जोड गळला. फिटर म्हणाला, कापणाऱ्याने वाकडं कापलं. बाबांची तीन दिवसांची हजेरी कापली गेली. बाबा रेषेवरच कापत होते, त्यांचा हात मला माहीत आहे. पण दाखवणार काय? टेम्प्लेट फिटरने फाडून टाकलं होतं.

तो नेहमीच फाडायचा. काम झालं की पेपरचे चार तुकडे आणि वरून बिडीची काडी. मी खूप वर्षांनी बाबांना विचारलं, तुम्ही कधी शिकवा म्हटलं नाही का? म्हणाले, "म्हटलं ना माय. तो म्हणे तुले कायले पायजे, तू काप. रेष मारनं तुयं काम नाई."

एम.ए.ला आम्ही श्रमविभागणीवर दुर्खाईम वाचला. कामं वाटली गेली की माणसं एकमेकांवर अवलंबून राहतात आणि समाज जोडला जातो, असा त्याचा साधारण सूर. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात यावर बोट ठेवलं आहे: जात ही श्रमाची नुसती विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. वर्गात मी हे परीक्षेपुरतं लिहिलं. एका पाईपावर, आखणारा आणि कापणारा यांच्यात फूटभर अंतर असताना ते कसं चालतं, हे मला बाबांच्या त्या एका वाक्याने कळलं.

इथे कुणी म्हणेल, फिटर काय सगळे सवर्ण असतात का? नसतात. चाचा स्वतः सांगतात की त्यांच्या उस्तादानेही टेम्प्लेट फाडलंच. हुन्नर लपवणं म्हणजे भाकरी राखणं, हे मलाही पटतं. पण फिटर कधीतरी कुणाला तरी शिकवतोच ना? तो भाच्याला आणतो, गावच्या पोराला आणतो, आपल्यातल्याला आणतो. साइटवर कुणी जातीचं नाव घेत नाही आणि वीस वर्षांनी पाहावं तर मार्किंग त्याच घरांत आणि हेल्परकी आमच्याच वस्तीत. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचं हेच होतं. धाग्याला तोंड लावावं लागतं म्हणून अस्पृश्य कामगाराला जास्त मजुरीच्या त्या खात्यात शिरकाव नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, तेव्हाही आपला माणूस रेल्वेत खालच्या कामावरच कसा अडकून राहतो हे त्यांनी मांडलं. "काम सोडा" एवढंच त्यांचं म्हणणं नव्हतं. गावकीचं, लाचारीचं काम सोडा हे तर होतंच, पण कारखान्यातलं वरचं काम आम्हाला का बंद, हेही होतं. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना तांत्रिक प्रशिक्षण त्यांच्याच खात्याकडे होतं. आपण जयंतीला त्यांच्या पदव्या मोजतो, हा भाग मात्र वगळून टाकतो.

मित्राच्या शंकेतली अर्धी गोष्ट मात्र मला मान्य आहे. सरकार ज्याला कौशल्य म्हणतं त्याकडे मीही संशयानेच पाहते. २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली, १८ पारंपरिक धंदे आणि गुरु-शिष्य परंपरेचं गुणगान घेऊन. बापाचा धंदा मुलाने चालवावा, ही परंपरा आमच्या आजोबांनी फेकली. ती मढवून परत आणली तर विरोध करायचाच. आयटीआयचंही बघा. वेल्डर एक वर्षाचा, आठवी पास चालतो. फिटर दोन वर्षांचा, दहावी लागते. वस्तीतला मुलगा लवकर कमावता व्हावा म्हणून वेल्डर घेतो, आणि चित्र वाचणारा वेगळा, जोडणारा वेगळा, हे तिथेच ठरतं. घरची निकड हे घडवते, पण निकड कुणाच्या घरात जास्त आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून वर्गात काय होतं ते सांगते. आठ-दहा मुलं येतात, दोघे तर चाळिशीचे हेल्पर आहेत. पहिल्या दिवशी एकाने अपूर्णांकाच्या भीतीने कंपास हातात घ्यायला नकार दिला. चाचांनी त्याला घडी घालायला लावली. तिसऱ्या रविवारी त्याच्या टेम्प्लेटवरचा तुकडा हेडरवर बसला आणि फटीतून सगळीकडे सारखा उजेड दिसला. तो सात-आठ वेळा खाली वाकून पाहत राहिला. आता तो विचारतो की हा १२.७ आकडा रेषा न काढता हिशेबाने येतो का. येतो, पायथागोरसने येतो, आणि तेवढं मला शिकवता येतं. ज्या पोराने आठवीत गणित सोडलं ते पोर आता वर्गमूळ मागतंय. मित्रा, याला तू हातोडा म्हणतोस?

कमी पडतं तेही लिहिते. आखणी येऊनही साइटवर खडू हातात मिळेलच असं नाही. दोघांना मिळाला, बाकीचे अजून हेल्परच्याच हजेरीवर आहेत. ठेकेदार अनुभवाचा दाखला देतो त्यावर "हेल्पर" एवढंच लिहितो. मार्किंग करून घेतलं असेल तर दाखल्यावर तसं लिहून द्या आणि हजेरी फिटरची द्या, ही मागणी आपल्या संघटनांनी लेखी करायला हवी. मसुदा तयार आहे, पुढच्या बैठकीत ठेवते. आणि प्रत्येक मुलाने आपलं टेम्प्लेट तारीख आणि जोडाचा नंबर टाकून जपून ठेवायचं, फाडायचं नाही, हा वर्गाचा नियम आहे. तो बाबांनी घालून दिला.

बाबा मागे सतरंजीवर बसतात. परवा चाचा म्हणाले, भाऊ, तुम्हीही एक काढा. बाबांनी चष्मा मागितला. पहिली लाट थोडी चुकली, त्यांनी बाहेरचा व्यास धरला होता. चाचांनी काही न बोलता दुसरा पेपर पुढे सरकवला. पुढच्या रविवारी ४५ अंशाची तिरपी ब्रँच घेणार आहेत. ज्यांना यायचं त्यांनी कंपास आणि जुने पेपर आणावेत, आमच्याकडचे संपत आलेत.