उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित

रानातल्या प्राण्या-पाखरांचे फोटो काढायचे म्हणजे लाखाचा कॅमेरा हवा, जंगलातली जीपगाडी हवी, असा आपल्या मंडळींचा समज असतो. वाचकहो, तसे काही नाही. सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने भिगवणला उतरावे आणि कुंभारगावचा किंवा डिकसळचा काठ गाठावा. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. कित्येक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्याच पाण्यावर आज मासेमारी करणारे लोक पाहुण्यांना होडीतून पाखरे दाखवतात.

हिवाळा सरता सरता पाणी ओसरते, काठाला उथळ चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी तेथे चरायला उतरतात. चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात. त्यांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. म्हणून लहान पिल्ले करडी दिसतात. मुलांना हे जरूर दाखवावे.

आम्ही पहाटेच होडीत बसलो. आमच्याजवळ होता साधा मोबाईल. ऊन पाठीशी घ्यावे हे पहिले. दुसरे असे की उभे राहू नये. होडीच्या तळाशी बसून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून, मोबाईल पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा. पाखराच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेला फोटो जिवंत वाटतो, वरून काढलेला नुसता ठिपका. फार झूम करू नये, चित्र फुटते. त्यापेक्षा थवा, पाणी आणि पाण्यातले प्रतिबिंब असे सगळे घ्यावे. पांढरी पिसे उन्हात जळून जातात, तेव्हा पडद्यावर पाखराला बोट लावून उजेड थोडा कमी करावा. मान वर आली की लागोपाठ पाच-सहा फोटो काढावेत, एखादा साधतोच.

खरी गोम अंतराची आहे. सगळा थवा माना ताठ करून एकाच दिशेने चालू लागला, की समजावे आपण फार जवळ आलो. तेथेच थांबावे. आमच्या नावाड्याने वल्हे आवरले, तशा घटकाभरात माना पुन्हा खाली गेल्या.

शेजारच्या होडीतले साहेब मात्र "उडवा, उडवा" म्हणत जादा पैसे देत होते. उडताना पंखांतला लाल-काळा रंग सुरेख दिसतो, खरेच. पण उडायला रोहिताला पाण्यावरून धावत जावे लागते. चरणे मोडते, अंगातली ताकद जाते. रोज पाचपन्नास होड्यांनी असे केले तर पाखरे ही जागा सोडतील, मग नावाड्याची चूल कशावर पेटायची? दोष आम्ही त्याला देत नाही. पैसे देणाऱ्याला देतो.

परतताना भिगवणला चिलापीचे कालवण आणि भाकरी मिळते. गाडीला वेळ असेल तर जेवूनच निघावे.