विट्याची वाट आणि हायब्रीड सायकलचे चाक

कराडहून पूर्वेला निघालेला गुहागर–विजापूर रस्ता कडेगाव मागे टाकून विट्याकडे येतो, तसा मुलूख बदलत जातो. कृष्णाकाठची दाट हिरवळ मागे राहते आणि माळ, मुरूम, टेकड्या आणि बाभळी दिसू लागतात. विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. पावसाने पाठ फिरवावी आणि माणसाने कष्टाने तोंड द्यावे, अशी ही भूमी. इथली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी भारतभर पांगली. जी गावात राहिली त्यांतल्या कित्येकांनी यंत्रमाग धरला. टेंभूजवळ उपसलेले कृष्णेचे पाणी या भागात येऊ लागले, तशा द्राक्ष-डाळिंबांच्या बागांशेजारी उसाचे फडही उभे राहिले. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या शहरांत विटा देशात पहिले आले, हे तर आपण सर्वांनी वाचले आहे.

अशा या गावात आजूबाजूच्या खेड्यांतून रोज माणसे येतात. कुणी एसटीने येतो, कुणी मोटारसायकलवर, आणि शाळा-कॉलेजची मुले-मुली सायकलवर. पूर्वीची काळी, दांड्याच्या ब्रेकची भक्कम सायकल आता थोड्याच घरी उरली आहे. तिच्या जागी जी नवी सायकल येऊ लागली आहे, तिला दुकानदार ‘हायब्रीड’ म्हणतो.

हायब्रीड म्हटले की आपल्याला ज्वारी आठवते. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसला. सायकलचेही तसेच आहे. डांबरी रस्त्यावर वेगाने पळणारी बारीक चाकाची सायकल आणि डोंगरात चालणारी जाड चाकाची सायकल, या दोघींचा हा संकर. हायब्रीड ज्वारी उत्पन्न देते, पण खत-पाणी आणि औषध वेळेवर मागते, हा आपला अनुभव. या सायकलच्या चाकाचा स्वभावही नेमका असाच आहे. ते हलके पळते, पण निगा मागते.

गाडीचे चाक आणि सायकलचे चाक

बैलगाडीच्या चाकात मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले लाकडी आरे, भोवती पाटे आणि वर लोखंडी धाव. गाडीचा भार खालच्या आऱ्यावर खांबासारखा उभा राहतो. सायकलच्या तारेला असे उभे राहता येत नाही, तिच्यावर दाब दिला तर ती वाकेल. म्हणून सायकलच्या चाकातली प्रत्येक तार आधीच ताणून बसवलेली असते. सगळ्या तारा रिमला चहूकडून आत ओढतात आणि त्या ओढीवर चाक गोल व कडक राहते.

विट्यातल्या यंत्रमागवाल्याला हे वेगळे सांगायला नको. बीमवरच्या उभ्या सुतांचा ताण सारखा नसेल तर कापड बिघडते आणि सूत तुटते. चाकाचे शास्त्र तेच. भार पडला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो आणि चाक फिरून त्या वर गेल्या की पुन्हा वाढतो. तार मुळात घट्ट असेल तर तिला या चढउताराचे काही वाटत नाही. ढिली असेल तर प्रत्येक फेऱ्याला ती सैल पडते, हबजवळच्या बाकाशी हलत राहते आणि एक दिवस तिथेच तुटते. लोखंडी तार हाताने पुढेमागे वाकवून आपण तोडतो, तसाच हा प्रकार.

हे फेरे किती होतात ते पाहा. हायब्रीडचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते. विट्यापासून सहा किलोमीटरवरच्या गावातून एखादी मुलगी रोज येऊन-जाऊन बारा किलोमीटर चालवत असेल, तर चाकाचे दिवसाला साडेपाच हजारांच्या आसपास फेरे होतात. वर्षात दोनशे दिवस शाळा धरली तर अकरा लाख! एवढे सोसणाऱ्या तारेकडे महिन्यातून एकदा पाहणे हे काही फार मागणे नाही.

मुरमाची वाट आणि काटे

विट्याभोवतीच्या गावांतून डांबरी सडकेला लागेपर्यंत वस्तीवरची मुरमाची वाट तुडवावी लागते. या वाटेवर चाकाला पहिला त्रास काट्यांचा. सराटा तर जमिनीसरपट पसरलेला असतो आणि वेडी बाभूळ जागोजाग माजलेली. रोज घरी आल्यावर टायरवरून नजर फिरवून रुतलेला काटा-खडा उपसावा. आज वरवर असलेला काटा उद्या ट्यूबपर्यंत जातो.

दुसरा त्रास कमी हवेचा. हवेच्या टायरचे पेटंट १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी घेतले. ते धंद्याने गुरांचे डॉक्टर होते. आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून त्यांनी ही खटपट केली. ऊस वाहणाऱ्या रबरी चाकाच्या गाडीला आपण डनलॉप म्हणतो ते त्यांच्याच नावावरून. चाकाला धक्क्यातून वाचवणारी गादी म्हणजे ही हवा. ती कमी असेल तर दगडावर रिम आपटते, ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात आणि रिमची कड चेपते. किती पौंड हवा भरायची ते टायरच्या बाजूवरच लिहिलेले असते. आठवड्यातून एकदा भरावी. पेट्रोल पंपावरच्या हवेने भरताना मात्र सांभाळून, कारण सायकलची बारीक ट्यूब क्षणात भरते आणि फुटते.

टायर घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या काळ्या सायकलचे चाक अठ्ठावीस इंची आणि हायब्रीडच्या चाकालाही अठ्ठावीस इंचीच म्हणतात, पण दोन्ही एक नव्हेत. जुन्या टायरवर ६३५ आकडा असतो, नव्यावर ६२२. तेरा मिलिमीटरचा हा फरक आहे. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

ओझे आणि मागचे चाक

काळ्या सायकलच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० तारा असत. त्या जोरावर तिने दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे, पेंडीची पोती वाहिली. हायब्रीडच्या चाकात बहुधा ३२ किंवा ३६ तारा असतात. शिवाय मागच्या चाकात गिअरच्या चकत्यांना जागा द्यावी लागते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण सारखा ठेवता येत नाही, डावीकडच्या तारा मुळातच कमी ताणाच्या असतात. चालवणाऱ्याचे बहुतेक वजनही मागेच पडते. म्हणून तार तुटते ती बहुधा मागच्या चाकाची. दप्तर, डबा, भाजीची पिशवी इथपर्यंत ठीक. पेंडीचे पोते तिच्यावर लादू नये. कॅरिअरवर वजनाची मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळावी.

नवी सायकल घेतल्यावर पहिल्या महिन्यात तारा आपल्या जागी बसतात आणि थोड्या ढिल्या पडतात. त्या वेळी एकदा मिस्त्रीकडून आउट काढून घ्यावा. हे एक काम वेळेवर झाले तर चाकाचे आयुष्य वाढते.

पुढे तपासणी घरीच करता येते. सायकल उलटी उभी करा. शेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबत चाकाभोवती जा, ढिली तार बोटालाच कळते. मग एकेक तार नखाने छेडा. एका बाजूच्या सर्व तारांचा सूर साधारण सारखा हवा. भजनातली वीणा जुळवणाऱ्याला हे फार सोपे जाईल. चाक फिरवून रिम ब्रेकच्या रबराजवळ कुठे सरकते ते पाहा. उजवीकडे सरकत असेल तर त्या जागच्या डाव्या बाजूच्या तारा कसा आणि उजव्या तेवढ्याच सैल करा. निपल एका वेळी पाव फेराच फिरवायचा. टायरच्या बाजूने पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला म्हणजे तार कसते.

तार वाटेत तुटलीच तर ती शेजारच्या तारेला गुंडाळा, ओझे उतरवा आणि हळू घरी या. तसेच आठ दिवस चालवू नका. तुटलेल्या तारेचा भार शेजारणींवर पडतो आणि मग त्याही जातात.

रेणावीचा घाट आणि ब्रेक

विट्याहून खानापूरकडे जाताना रेणावीचा घाट लागतो. रेवणसिद्धांच्या दर्शनाला जाणारे भाविक तो चढतात. चढताना पाय दुखतात, पण चाकाची परीक्षा उतरताना होते. काळ्या सायकलची रिम लोखंडी, गंजणारी पण कडक. हायब्रीडची रिम ॲल्युमिनियमची, आणि ब्रेकचे रबर तिच्याच कडांना घासते. निव्वळ सोने मऊ असते म्हणून दागिन्यात तांबे मिसळतात, हे गलाईवाल्यांच्या घरी लहान मूलही सांगेल. ॲल्युमिनियममध्येही दुसरे धातू मिसळून रिम करतात, तरी लोखंडापुढे ती मऊच. रबरात मुरमाची कच अडकली की प्रत्येक ब्रेकला रिम सहाणेवर घासल्यासारखी झिजते.

म्हणून दर आठवड्याला रिमच्या कडा ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि रबरात रुतलेले खडे टाचणीने काढावेत. तिथे तेलाचा थेंबही लागू देऊ नये. पुष्कळ रिमच्या कडेवर बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो झिजून नाहीसा झाला, किंवा कड आत वळल्यासारखी बोटाला लागली, की रिम संपली. अशी रिम हवेच्या दाबाने चालता चालता फुटू शकते, आणि ती उतारावर फुटली तर प्रश्न पैशाचा राहत नाही, हातापायांचा होतो. डिस्क ब्रेकच्या सायकलीला रिम झिजण्याची भीती नाही, पण तिच्या चकतीलाही तेल लागता कामा नये.

चिखल, पाणी आणि हब

पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल आणली की चाकात चिखल बसतो. तो बादलीतल्या पाण्याने आणि फडक्याने काढावा. मोटारसायकल धुण्याच्या जोराच्या फवाऱ्याने हब धुतला तर पाणी आत शिरते, ग्रीस जाते आणि छर्रे गंजतात. चाक धरून आडवे हलवले असता खडखड लागली, किंवा फिरवल्यावर खरखर ऐकू आली, तर हब उघडायची वेळ झाली. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मिस्त्रीकडून छर्रे रॉकेल किंवा डिझेलने धुऊन नवे ग्रीस भरून घ्यावे.

खेड्यापाड्यात मोटारसायकली वाढल्या तशी आउट काढणाऱ्या जुन्या मिस्त्रींची दुकाने कमी होत चालली आहेत. त्यामुळे चाक बिघडले की सायकल चार-आठ दिवस भिंतीला टेकून राहते. ढिल्या तारेकडे दुर्लक्ष केले की तार जाते, मग रिम जाते, आणि शेवटी चाकाचा खर्च ऐकून नाकापेक्षा मोती जड वाटू लागतो. त्यात मुलीची शाळा बुडते. एसटीची वेळ जुळत नाही, सोडायला घरात कुणी मोकळे नसते, आणि बुडलेले चार दिवस कधी कधी कायमचे होतात.

म्हणून पालकांनो, मुलीला सायकल घेऊन द्याल तेव्हा सोबत एक हातपंप, तार कसायचा पाना आणि पंक्चरचे सामानही घेऊन द्या. आणि ते तिच्या भावाच्या नव्हे, तिच्याच हाती द्या. रविवारची पंधरा मिनिटे ती चाकाशी बसली, तर ते चाक तिला कॉलेज पुरे होईपर्यंत साथ देईल.